कार्यालयाच्या स्लाइडचा साचा क्वार्टोमध्ये: सहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या कार्यालयात निळ्या रंगाच्या चार छटा नांदत होत्या आणि त्या चारही आमच्याच लोगोतल्या आहेत, अशी ज्याची त्याची खात्री होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमची सहा जणांची लहानशी सल्लागार कंपनी आहे. गृहनिर्माण संस्थांच्या पाणीवापराचे आणि विजेच्या बिलांचे लेखापरीक्षण करायचे, त्यातून निघालेले आकडे मांडायचे आणि ते संस्थेच्या सर्वसाधारण सभेत समजावून सांगायचे, हे आमचे काम. महिन्याला आठ-दहा सादरीकरणे सहज होतात. काही मराठीत, काही इंग्रजीत, बहुतेक सरमिसळ. पॉवरपॉइंटचा स्लाइड मास्टर आम्ही एका डिझायनरकडून नीट बसवून घेतला होता, पण घाईच्या वेळी जो तो मागच्या संस्थेची फाइल उघडून, नाव बदलून, तिसऱ्याच फाइलमधल्या दोन स्लाइड चिकटवून मोकळा होत असे. चिकटवलेली स्लाइड आपला जुना रंग आणि जुना फॉन्ट सोबत घेऊन येई, आणि वर्षभरात मूळ साचा कोणता हे खुद्द मलाही सांगता येईना. या कंटाळ्यातून आम्ही स्लाइडचा साचा कोडमध्ये लिहायचे ठरवले आणि त्यासाठी क्वार्टो निवडले. गेले सहा महिने ते रोज वापरात आहे.

क्वार्टो ही साध्या मजकुरातून अहवाल, संकेतस्थळे, पुस्तके आणि स्लाइड तयार करणारी मुक्त स्रोत प्रणाली आहे. पूर्वी आरस्टुडिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि आता पॉझिट झालेल्या कंपनीने तिची पहिली पूर्ण आवृत्ती जुलै २०२२ मध्ये जाहीर केली. तिचा कणा म्हणजे जॉन मॅकफार्लेन यांचे, एका स्वरूपातला मजकूर दुसऱ्या स्वरूपात बदलणारे पॅनडॉक, आणि स्लाइडपुरते बोलायचे तर हकीम एल हत्ताब यांचे, ब्राउझरमध्ये स्लाइड दाखवणारे रिव्हीलजेएस. म्हणजे आपण लिहितो मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात हॅशसारख्या खुणा घालून) आणि हाती येते ती ब्राउझरमध्ये चालणारी एचटीएमएल फाइल. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती मोफत बसते, आणि पॅनडॉक किंवा सॅसचा (पानाच्या रंग-फॉन्टचे नियम लिहिण्याच्या भाषेचा) कंपायलर वेगळा शोधत बसावा लागत नाही, कारण ते तिच्या पोटातच असतात. क्वार्टोच्या इतर पसाऱ्याला मी येथे हात घालत नाही. संस्थेचा स्वतःचा साचा उभा करणे, तो इतरांसाठी प्रसिद्ध करणे आणि पुढे तो सांभाळणे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

आरंभ अपेक्षेपेक्षा सोपा निघाला. टर्मिनलमध्ये ‘क्वार्टो क्रिएट एक्स्टेन्शन फॉरमॅट’ ही आज्ञा दिली की ती पायाचा प्रकार आणि साच्याचे नाव विचारते, आणि एक आयता फोल्डर मांडून देते. त्यात ‘अंडरस्कोर एक्स्टेन्शन्स’ हा फोल्डर, त्याच्या आत साच्याची जन्मपत्रिका म्हणता येईल अशी एक वायएएमएल फाइल (जिच्यात सेटिंग ‘नाव: मूल्य’ अशा ओळींत लिहितात), रंग-फॉन्टसाठी एक एससीएसएस फाइल, आणि बाहेर नमुन्याची स्लाइड-फाइल असते. जन्मपत्रिकेत साच्याचे नाव, कर्ता, आवृत्ती आणि क्वार्टोची किमान कोणती आवृत्ती लागेल हे नोंदवायचे. त्याखाली स्लाइडचा आकार, लोगो, तळटीप, पानक्रमांक असे सगळे ठराव एकदाच लिहून टाकायचे. लिहिणाऱ्याला मग आपल्या फाइलच्या माथ्यावर साच्याच्या नावाला रिव्हीलजेएस जोडून एकच ओळ द्यावी लागते. पान कसे दिसेल याविषयी त्याच्या हातात काहीच उरत नाही, आणि नेमके हेच आम्हाला हवे होते.

रंगाचे काम एससीएसएस फाइलमध्ये होते. तिचे दोन भाग असतात: वरच्या भागात चलांच्या किमती, खालच्या भागात नियम. पार्श्वभूमी, मजकूर, दुवा, शीर्षकाचा रंग, शीर्षकाचा फॉन्ट, मूळ अक्षराचा आकार अशी बरीच चले आधीच ठरलेली असल्यामुळे वरचा भाग दहा-बारा ओळींत संपतो आणि तेवढ्यानेच स्लाइड ऐंशी टक्के आपली दिसू लागते. आमचा निळा आता सबंध कार्यालयात एकाच ओळीत लिहिलेला आहे. तो जरासा गडद करायचा निर्णय झाला तेव्हा ती ओळ बदलली आणि ‘क्वार्टो प्रिव्ह्यू’ चालू असल्याने फाइल साठवताक्षणी समोरच्या ब्राउझरमधली सगळी पाने बदलली. डिझायनर शेजारी बसून ‘अजून थोडा, अजून थोडा’ म्हणत होता आणि दहा मिनिटांत विषय मिटला. स्लाइडचा मूळ आकार मात्र आधी बदलून घ्यावा. क्वार्टोत तो १०५० बाय ७०० असतो, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना मोकळ्या पट्ट्या उरतात. आम्ही १२८० बाय ७२० ठेवला, आणि त्या प्रमाणात अक्षरांचा आकारही पुन्हा जुळवला.

खरे काम पुढे होते, आणि त्याविषयी कोणत्याही मार्गदर्शिकेत मला फारसे काही सापडले नाही. ते काम देवनागरीचे. आमच्या ब्रँडच्या पुस्तिकेत शीर्षकातील अक्षरांमध्ये किंचित अंतर ठेवावे असा दंडक आहे. रोमन अक्षरांत ते देखणे दिसते. तोच नियम मराठी शीर्षकाला लागला तेव्हा ‘पाण्याची शिल्लक’ या दोन शब्दांची शिरोरेषा अक्षरागणिक तुटली आणि गोंदाविना मांडलेल्या फरशांसारखी ती अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी राहिली. पुस्तिका तयार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मराठी नव्हतीच, हे त्या क्षणी कळले. उपाय साधा आहे: फाइलच्या माथ्यावर भाषा मराठी असल्याचे सांगायचे, आणि एससीएसएसच्या नियमांत मराठी भाषेच्या मजकुरासाठी हे अंतर शून्य करायचे. मराठी स्लाइडवरचे इंग्रजी शब्दही त्यामुळे दाटीने बसतात, पण ते कोणाच्या नजरेस येत नाही.

दुसरी अडचण ओळींमधील अंतराची. शीर्षकासाठी क्वार्टोत मुळात १.२ हे प्रमाण असते आणि रोमन लिपीला ते पुरते. देवनागरीत वरच्या ओळीतला उकार किंवा ऋकार खाली लोंबतो, खालच्या ओळीतला रफार, वेलांटी आणि अनुस्वार वर उसळतो, आणि दोन ओळींचे शीर्षक असले की मधल्या जागेत त्यांची टक्कर होते. आम्ही हे प्रमाण १.४५ केले. शीर्षक थोडे ऐसपैस झाले, स्लाइडवरची एक ओळ कमी झाली, पण वाचता येऊ लागले.

तिसरी गोष्ट बारीक आहे, मात्र मराठी वाचकाला ती खुपते. काही देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे भरलेली असतात, आणि मजकूर मराठी आहे हे ब्राउझरला सांगितले नसेल तर हिंदी वळण उमटते. आम्ही आधी निवडलेल्या एका फॉन्टमध्ये भाषेची ती एक ओळ घालताच ‘शिल्लक’ या शब्दातले श आणि ल दोन्ही डोळ्यांदेखत बदलले. पुढे आम्ही एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट कायम केला, कारण त्यात देवनागरी आणि रोमन एकाच हातची आहेत, ७ वजने मिळतात आणि परवाना मुक्त असल्यामुळे फॉन्टच्या फाइली साच्यासोबत वाटता येतात. पॉवरपॉइंटमध्ये हे सगळे करता येत नाही असे मी म्हणणार नाही; पण तिथे ते प्रत्येक फाइलमध्ये कोणीतरी आठवणीने करावे लागते, इथे ते एकदा लिहिले की लिहिणाऱ्याने विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाही.

लोगो आणि शीर्षकपानाबद्दल थोडक्यात सांगतो. लोगो प्रत्येक पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बसतो, आणि शीर्षकपानाची मांडणी समूळ बदलायची असेल तर त्यासाठी एचटीएमएलचा एक तुकडा स्वतंत्र लिहावा लागतो. तो लिहायला थोडे एचटीएमएल यावे लागते. आम्ही शीर्षकपानाला केवळ पार्श्वचित्र दिले आणि थांबलो.

आता लिहिणाऱ्यांचा अनुभव. अहवालाचा मजकूर आमच्याकडे ज्या ताई लिहितात त्यांना कोड येत नाही आणि शिकण्याची इच्छाही नाही. ओळीच्या आरंभी दोन हॅश चिन्हे दिली की नवी स्लाइड आणि एक हॅश दिला की नव्या विभागाचे पान, एवढे त्यांनी चहा संपेपर्यंत आत्मसात केले. अडले ते फाइलच्या माथ्यावरच्या वायएएमएलमध्ये. त्यांनी शीर्षक लिहिले, ‘पाणी लेखापरीक्षण: उन्हाळ्याचे चार महिने’, आणि फाइल उघडेना. मराठी शीर्षकात विसर्गचिन्हासारखा अपूर्णविराम हवाच, आणि वायएएमएलमध्ये त्या दोन टिंबांनंतर मोकळी जागा आली की तो नव्या नोंदीचा आरंभ मानला जातो. शीर्षक अवतरणचिन्हांत घातले की भांडण मिटते. समासासाठी टॅबची कळ दाबलेलीही तेथे चालत नाही, मोकळ्या जागाच द्याव्या लागतात. क्वार्टो चुकलेली ओळ दाखवते, पण ते इंग्रजीत आणि प्रोग्रामरच्या भाषेत. ‘अहो, हे माझ्यावर का ओरडतंय?’ असे ताईंनी मला दोनदा विचारले. मग मी नमुन्याच्या फाइलमध्येच शीर्षकाभोवती अवतरणचिन्हे घालून ठेवली आणि तो प्रश्न पुन्हा आला नाही. साचा प्रसिद्ध करणाऱ्याने नमुन्याच्या फाइलवर साच्याइतकेच कष्ट घ्यावेत, कारण लोक मार्गदर्शिका वाचत नाहीत. ते नमुना उघडतात आणि त्यात आपले शब्द भरतात.

मजकूर जास्त झाला तर पॉवरपॉइंट अक्षरे आपोआप लहान करते. रिव्हीलजेएसमध्ये तसे होत नाही; उरलेला मजकूर स्लाइडच्या खाली निघून जातो. पानापुरती अक्षरे लहान करण्याची किंवा पान सरकते करण्याची सोय आहे, पण सरकत्या पानाची पीडीएफ काढली की खालचा भाग कापला जातो. सुरुवातीला आम्हाला ही उणीव वाटली. पुढे लक्षात आले की ताई आता एका पानात पाचच मुद्दे लिहू लागल्या आहेत.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका संस्थेच्या क्लब हाउसमध्ये आमची फजिती झाली. ती सर्वस्वी माझी चूक होती. मी स्लाइडची एचटीएमएल फाइल व्हॉट्सअॅपवरून सहकाऱ्याला पाठवली; तिच्याबरोबर तयार होणारा, तेच नाव आणि शेवटी ‘फाइल्स’ असलेला फोल्डर माझ्याकडेच राहिला. रिव्हीलजेएस, रंग, चित्रे हे सारे त्या फोल्डरमध्ये असते. समोर साठ-सत्तर सभासद बसलेले, आणि टीव्हीवर लोगोविना, रंगाविना, वरपासून खालपर्यंत एकच लांब पांढरे पान. सहकाऱ्याने तेच पान सरकवत बोलून वेळ निभावून नेली. माथ्यावर ‘एम्बेड रिसोर्सेस’ हा पर्याय खरा केला की सर्व काही एकाच फाइलमध्ये बांधले जाते, हे मला माहीत होते. मी तो साच्यात न ठेवता लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडला होता. दुसऱ्याच दिवशी तो साच्यात गेला. त्याची किंमत अशी की फाइल जड होते आणि स्लाइडवर खडूने लिहिल्यासारखे लिहिण्याची रिव्हीलजेएसची फळ्याची सोय त्याच्याबरोबर चालत नाही. आम्हाला फळ्याची गरज नव्हती. शिक्षकांना मात्र ती निवड विचारपूर्वक करावी लागेल.

फॉन्टचेही तेच. इंटरनेटवरून फॉन्ट मागवणारी ओळ साच्यात असेल तर कार्यालयात सगळे ठीक दिसते, आणि जेथे जाळे नाही तेथे विंडोज आपला निर्मला यूआय पुढे करते. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि जुळवलेले शीर्षक दोनाच्या तीन ओळींवर जाते. म्हणून फॉन्टच्या फाइली साच्याच्या फोल्डरमध्येच ठेवाव्यात. त्यांचा मार्ग लिहिताना हमखास चूक होते, कारण तयार होणारी सीएसएस मूळ जागी न राहता दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. त्यामुळे साच्याची तपासणी साच्याच्याच फोल्डरमध्ये करू नये. दुसऱ्या संगणकावर, कोऱ्या फोल्डरमध्ये, वाय-फाय बंद करून केलेली तपासणीच खरी.

आलेखांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. क्वार्टोचे मोठे बळ असे की आर किंवा पायथनचा कोड स्लाइडमध्येच लिहिता येतो आणि महिन्याचे आकडे बदलले की आलेख नव्याने काढला जातो. मात्र साच्यातला निळा त्या आलेखात आपणहून उतरत नाही. आलेख हे कोडने काढलेले चित्र असते आणि त्याला रंग, फॉन्ट वेगळे सांगावे लागतात. देवनागरी नावांच्या अक्षावर तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसणे, जोडाक्षर फुटणे असे प्रकार घडू शकतात, कारण चित्र काढणाऱ्या प्रत्येक साधनाला अक्षरांची जुळणी येतेच असे नाही. आरमध्ये रॅग हे साधन वापरले की जुळणी बिनचूक होते. आम्ही रंगांची एक लहान आर फाइलही साच्यात ठेवली आणि नमुन्याच्या स्लाइडमध्ये तिला आधीच बोलावून ठेवले.

साचा प्रसिद्ध करणे हा क्वार्टोचा सर्वात चांगला भाग आहे. परवान्यांची मंडई नाही, मंजुरीची रांग नाही. साच्याचा फोल्डर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सार्वजनिक रिपॉझिटरी (भांडार) म्हणून चढवला की तो प्रसिद्ध झाला. वापरणाऱ्याने ‘क्वार्टो यूज टेम्प्लेट’ लिहून पुढे खात्याचे नाव, तिरकी रेघ आणि रिपॉझिटरीचे नाव द्यायचे. साचा आणि नमुन्याची फाइल दोन्ही उतरतात, आणि नमुन्याच्या फाइलला त्या फोल्डरचेच नाव मिळते. आधीच लिहिलेल्या मजकुराला फक्त साचा हवा असेल तर ‘क्वार्टो अॅड’ पुरते. उतरवण्यापूर्वी क्वार्टो विचारते की या साच्याच्या कर्त्यावर तुमचा विश्वास आहे का. ताईंनी त्यावर मला थेट फोन केला, आणि मला ते आवडले. साच्यात चालणारा कोड असू शकतो, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

येथे दोन गोष्टी आम्ही उशिरा शिकलो. पहिली अशी की साचा उतरवताना वाचा-फाइल (रीडमी) आणि परवाना वगळून रिपॉझिटरीतले जवळजवळ सगळे उतरते. आम्ही हौसेने ठेवलेले नमुन्याचे फोटो आणि जुन्या पीडीएफ प्रत्येकाच्या प्रत्येक फोल्डरमध्ये जाऊन पडत होत्या. ‘डॉट क्वार्टोइग्नोर’ नावाच्या फाइलमध्ये अशा गोष्टींची नावे लिहिली की त्या मागे राहतात. दुसरी गोष्ट परवान्याची. कोडला मुक्त परवाना देताना लोगोही त्याच पिशवीत जातो, आणि लोगो कोणीही वापरावा असे कोणत्याच कंपनीला वाटत नसते. आम्ही वाचा-फाइलमध्ये स्पष्ट लिहिले की कोड मुक्त आहे, नाव आणि लोगो नाही. मुक्ताच्या परवान्याची प्रत फॉन्टशेजारीच ठेवली. विकत घेतलेला फॉन्ट असेल तर तो सार्वजनिक रिपॉझिटरीत मुळीच ठेवू नये. ज्यांना हे काहीच उघड्यावर नको असेल त्यांना साच्याची झिप फाइल करून तीच बसवता येते. कार्यालयातल्या सामायिक ड्राइव्हवर ती ठेवली की झाले.

नमुन्याचे सादरीकरण लोकांना पाहता यावे म्हणून ‘क्वार्टो पब्लिश’ या आज्ञेने ते गिटहब पेजेसवर चढवता येते. ती आज्ञा आपल्या संगणकावर पाने तयार करते, वेगळी शाखा उघडून त्यात ढकलते आणि शेवटी पत्ता उघडून दाखवते. मोफत खात्यावर त्यासाठी रिपॉझिटरी सार्वजनिक असावी लागते. एरवी कुठे अडले नाही.

पीडीएफबद्दल मात्र माझे समाधान नाही. सभेनंतर खजिनदार काका हमखास म्हणतात, ‘ते पाण्याचं पान परत दाखवा, आणि सगळं पीडीएफ करून ग्रुपवर टाका.’ पहिल्या मागणीला रिव्हीलजेएस तत्पर आहे; एस्केपची कळ दाबली की सगळी पाने नकाशासारखी समोर मांडली जातात आणि हवे त्यावर जाता येते. दुसऱ्यासाठी ई ही कळ दाबून छपाईचे रूप घ्यायचे आणि क्रोममधून पीडीएफ काढायची. त्या वेळी पार्श्वभूमी छापण्याची खूण करायला कोणी विसरले की आमचा निळा गायब. एका कळीसरशी होणाऱ्या कामाला येथे चार पायऱ्या लागतात. एखाद्या ग्राहकाने पॉवरपॉइंटचीच फाइल मागितली तर क्वार्टो तीही काढून देते, पण त्यात हा साचा लागू होत नाही. त्यासाठी पॉवरपॉइंटची संदर्भ-फाइल वेगळी बनवावी लागते, म्हणजे ब्रँड पुन्हा दोन ठिकाणी लिहिला गेला.

याच संदर्भात एक पर्याय सांगायला हवा. क्वार्टोच्या १.६ या आवृत्तीपासून ‘अंडरस्कोर ब्रँड’ नावाच्या एका वायएएमएल फाइलमध्ये रंग, फॉन्ट आणि लोगो लिहिण्याची सोय आली आहे, आणि तीच फाइल संकेतस्थळ, स्लाइड आणि डॅशबोर्ड या सर्वांना लागू होते. ज्यांना फक्त रंग, फॉन्ट आणि लोगो सांभाळायचे आहेत त्यांनी साचा घडवण्याच्या फंदात न पडता तेवढेच करावे. आम्हाला भाषेनुसार वेगळे नियम, नमुन्याची फाइल आणि आवृत्ती क्रमांक हवे होते, म्हणून साचा लागला. मार्प हे साधन याहून हलके आहे, त्यात एका सीएसएस फाइलवर काम भागते आणि पीडीएफही सरळ निघते. मात्र आकडे आणि आलेख स्लाइडमध्येच घडवण्याची सोय त्यात नाही. बीमर, म्हणजे लेटेक या अक्षरजुळणी प्रणालीतले स्लाइडचे साधन, मी विद्यार्थिदशेत वापरले आहे. गणिताची सूत्रे त्याच्याइतकी सुरेख कोठेच उमटत नाहीत, पण मराठी सभेसाठी ते उघडण्याचे धाडस मी करणार नाही.

वर्षाला एक-दोनच सादरीकरणे करणाऱ्यांनी, किंवा स्लाइडवर चित्रे हाताने सरकवत मांडणी करण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी, क्वार्टोकडे वळू नये. चार दिवसांची मेहनत भरून निघणार नाही. उलट, चार-पाच माणसे, तेच स्वरूप, दर महिन्याला नवे आकडे, असे ज्यांचे काम आहे त्यांनी ते अवश्य पाहावे. आमच्याकडे एका अहवालाच्या स्लाइडला पूर्वी एक पूर्ण दिवस जात असे. आता मजकूर तयार असेल तर दुपारच्या जेवणाआधी होते. कार्यालयात मात्र एक तरी माणूस असा हवा की ज्याला गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) वापरता येते आणि जो साचा आपला मानतो. तो नसेल तर पहिल्याच बदलाच्या वेळी लोक पुन्हा जुन्या फाइलीकडे वळतील.

बदलाचीच गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे आणि ती आधी कळली असती तर बरे झाले असते. साचा उतरवला की त्याची प्रत त्या सादरीकरणाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. गिटहबवर मी निळा बदलला म्हणून कोणाच्याही जुन्या फोल्डरमध्ये तो बदलत नाही; ‘क्वार्टो अपडेट’ ही आज्ञा प्रत्येक फोल्डरमध्ये जाऊन द्यावी लागते. मला हे गैरसोयीचे वाटले होते. मार्चमध्ये आमचा लोगो किंचित बदलला तेव्हा चालू कामांचे चौदा फोल्डर एकेक उघडून मी ती आज्ञा दिली, आणि त्याच दिवसापासून प्रत्येक आवृत्तीला गिटमध्ये क्रमांकाची खूण करण्याचा नियम केला, म्हणजे कोणता फोल्डर कोणत्या साच्यावर उभा आहे हे एका दृष्टीत कळते. नव्या साच्यात शीर्षकाची उंची बदलल्यामुळे काही पाने पुढे-मागे झाली आणि दोन ठिकाणी एका पानाची दोन करावी लागली. घोडबंदरच्या त्या संस्थेचा अहवाल मात्र मी जुन्याच निळ्यात, जुन्याच लोगोसह ठेवला आहे. त्यांच्या सचिवांनी सभेच्या इतिवृत्तात ‘स्लाइड क्रमांक ११ नुसार टँकरचा खर्च मंजूर’ असे लिहून ठेवले आहे, आणि नव्या साच्यात अकरावे पान बारावे होते.